व्यापारवाद आणि ब्रिटिश साम्राज्याचे वसाहतींशी आर्थिक संबंध (१६५१ ते १७७३) : अमेरिका व बंगाल यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

इ.स. १७७३ या एकाच वर्षी ब्रिटिश संसदेने ईस्ट इंडिया कंपनीविषयी दोन महत्त्वाचे कायदे संमत केले. मे महिन्यात चहाचा कायदा झाला व जून महिन्यात रेग्युलेटिंग ॲक्ट. पहिल्या कायद्याचा परिणाम म्हणून बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. दुसऱ्या कायद्याने बंगालमध्ये गव्हर्नर जनरल हे पद निर्माण केले. आपल्याकडील पदवी वर्गांत पहिला कायदा जगाच्या इतिहासाच्या पेपरात आणि दुसरा भारताच्या इतिहासाच्या पेपरात शिकविण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. दोन्ही पेपर बहुधा दोन निरनिराळे प्राध्यापक शिकवितात. त्यामुळे हे दोन्ही कायदे एकाच संसदेने, एकाच कंपनीच्या दिवाळखोरीच्या भीतीने, काही आठवड्यांच्या अंतराने केले, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखकाच्याही ती बरीच वर्षे लक्षात आली नव्हती, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

या दोन कायद्यांना जोडणारा धागा म्हणजे व्यापारवाद. काही अभ्यासक त्यास वणिक्‌वाद अथवा वाणिज्यवाद असेही म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्याची व्याख्या साधारणतः दोन वाक्यांत संपते : सोने-चांदी म्हणजेच संपत्ती, आणि वसाहती या मातृदेशाच्या फायद्यासाठी असतात. ही व्याख्या चुकीची नाही, परंतु तीवरून अमेरिकेने बंड का केले हे कळत नाही आणि बंगाल का नागवला गेला हेही कळत नाही. साम्राज्याचा वसाहतींशी असलेला संबंध १७६४-६५ च्या सुमारास मुळातूनच बदलला. व्यापाराचे नियमन करून नफा मिळविण्याऐवजी थेट महसूल गोळा करणे हे त्याचे उद्दिष्ट झाले. हा बदल अमेरिकेत व बंगालमध्ये एकाच वेळी घडला, परंतु त्यास नकार देण्याचे साधन एकीकडेच उपलब्ध होते, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

चांदीचा प्रश्न आणि थॉमस मन :

व्यापारवादी विचारवंत सोन्या-चांदीचे वेडे होते, असा एक समज ॲडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६) या ग्रंथापासून रूढ झाला आहे. वस्तुस्थिती थोडी वेगळी होती, आणि तिचा संबंध आपल्या सुरतेशी येतो. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडजवळ हिंदुस्थानात विकता येईल असा माल फारसा नव्हता. इंग्रजी लोकरी कापडास येथील हवामानात मागणी ती किती असणार? त्यामुळे कंपनीची जहाजे सुरतेस येताना मुख्यतः चांदी घेऊन येत आणि ती मोगल टांकसाळीत रुपयांच्या रूपाने पाडून घेऊन त्या पैशांवर कापड, नीळ इत्यादी माल खरेदी केला जाई. देशातील चांदी बाहेर जाते म्हणून लंडनमध्ये कंपनीवर कठोर टीका होऊ लागली.

या टीकेस उत्तर देणारा थॉमस मन (१५७१-१६४१) हा कंपनीचाच एक संचालक होता. १६२१ मध्ये त्याने पूर्वेकडील व्यापाराच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली. त्याचा अधिक प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये प्रकाशित झाला. त्याचा युक्तिवाद असा की, एका देशाशी होणारा व्यवहार सुटा पाहू नये, सर्व देशांशी होणाऱ्या एकूण व्यापारतोलाकडे पाहावे. हिंदुस्थानात गेलेल्या चांदीच्या मोबदल्यात आलेला माल युरोपात पुन्हा विकला की गेली त्याहून अधिक चांदी परत येते. यासाठी मनने शेतकऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. पेरणीच्या वेळी चांगले धान्य मातीत टाकणारा शेतकरी पाहणाऱ्यास वेडा वाटेल, पण सुगीच्या वेळी तो तसा वाटणार नाही. हा दृष्टान्त लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण १७६५ नंतर बंगालमध्ये त्याचा अर्थच पालटला.

यावरून हेही दिसते की, व्यापारवाद हा एखाद्या तत्त्वज्ञाने एकटाकी रचलेला सिद्धान्त नव्हता. हितसंबंध असलेल्या व्यापाऱ्यांनी, वेळोवेळच्या वादात, आपापली बाजू मांडताना तो घडविला. कायदेही तसेच झाले.

नौकानयन कायदे :

१६५१ चा पहिला नौकानयन कायदा राजेशाही नसलेल्या प्रजासत्ताक इंग्लंडने केला आणि त्याचा रोख डच जहाजांवर होता. १६६० मध्ये राजेशाही परत आली तरी कायदा राहिलाच, किंबहुना अधिक कडक झाला. वसाहतींचा व्यापार इंग्रजी वा वसाहतींच्या जहाजांतूनच व्हावा, कप्तान व तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज प्रजाजन असावेत, आणि साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आले व रंगाची लाकडे हा यादीतील माल केवळ इंग्लंडला अथवा इंग्रज वसाहतींनाच पाठवावा, अशी तरतूद झाली. १६६३ च्या कायद्याने युरोपातील बहुतेक माल वसाहतींना इंग्लंडमार्गेच घेणे भाग पडले. १६९६ च्या कायद्याने जकात अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार दिले, आणि त्याच वर्षी व्यापार मंडळ (बोर्ड ऑफ ट्रेड) स्थापन झाले. पुढे वसाहतींतील कारखानदारीवरही बंधने आली. लोकरी मालासाठी १६९९, टोप्यांसाठी १७३२ आणि लोखंडासाठी १७५० साली कायदे झाले.

एवढी यादी दिली की बहुतेक अध्यापक ‘म्हणून अमेरिकेचे शोषण झाले’ असे म्हणून पुढे जातात. येथे थोडे थांबावयास हवे. वसाहतींची जहाजे कायद्याने इंग्रजी जहाजेच मानली जात, त्यामुळे न्यू इंग्लंडमधील जहाजबांधणीस मोठे संरक्षण मिळाले. १७७५ च्या सुमारास ब्रिटिश मालकीच्या व्यापारी जहाजांपैकी सुमारे एक तृतीयांश जहाजे अमेरिकेत बांधलेली होती. व्हर्जिनियाच्या तंबाखूस इंग्लंडची बाजारपेठ राखून ठेवण्यासाठी खुद्द इंग्लंडमधील शेतकऱ्यांना तंबाखू पिकविण्यास मनाई होती. कॅरोलिनातील निळीस १७४८ पासून सरकारी अनुदान मिळत होते. लोखंडाच्या कायद्याने पोलादाच्या नव्या भट्ट्यांस बंदी केली, पण कच्च्या लोखंडाच्या निर्यातीस उत्तेजनही दिले. रॉबर्ट पॉल थॉमस या अर्थेतिहासकाराने १९६५ मध्ये केलेल्या गणनेनुसार १७६३ नंतरच्या दशकात या कायद्यांचा निव्वळ बोजा वसाहतींच्या दरडोई उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी होता. या गणनेवर पुष्कळ वाद झाले. तथापि, बोजा असह्य होता म्हणून क्रांती झाली, हे सोपे उत्तर त्यानंतर तितक्या सहजपणे देता येत नाही.

मळीचा कायदा, १७३३ :

कायदा आणि व्यवहार यांतील अंतर समजण्यासाठी १७३३ चा मळीचा कायदा हे सर्वोत्तम उदाहरण होय. आपल्याकडील साखर कारखान्यांच्या परिसरातील विद्यार्थ्यांना मळी म्हणजे काय व तिच्यापासून काय तयार होते हे वेगळे सांगावे लागत नाही. न्यू इंग्लंडमध्ये मळीपासून रम गाळली जात असे. न्यू इंग्लंडचे व्यापारी कॅरिबियन बेटांना मासे, लाकूड, धान्य व घोडे पुरवीत आणि मोबदल्यात मळी आणीत. ती फ्रेंच बेटांवर स्वस्त मिळे. याचे कारणही व्यापारवादीच होते. फ्रान्सने आपल्या द्राक्षांच्या ब्रँडीस संरक्षण देण्यासाठी आपल्याच बेटांवरील रमला मायदेशी मज्जाव केला होता, म्हणून तेथील मळेवाल्यांना मळी विकण्यास गिऱ्हाईक नव्हते. एका साम्राज्याची बंदी दुसऱ्या साम्राज्याच्या वसाहतीस उपकारक ठरली!

बार्बाडोस, जमैका इत्यादी ब्रिटिश बेटांवरील मळेवाल्यांना हे खपले नाही. त्यांपैकी अनेकजण लंडनमध्ये राहत आणि संसदेत त्यांचे वजन मोठे होते. त्यांच्या आग्रहावरून परकी मळीवर गॅलनमागे सहा पेनी कर बसविण्यात आला. हा कर महसुलासाठी नव्हताच, परकी मळी येऊच नये एवढा तो जबर होता. प्रत्यक्षात मळी येत राहिली. जकात अधिकाऱ्याच्या हाती गॅलनमागे पेनी-दीड पेनी ठेवले की काम होई. वॉलपोलच्या काळापासून (१७२१-४२) लंडनने या चोरट्या व्यापाराकडे जाणीवपूर्वक डोळेझाक केली, कारण त्यातून मिळालेल्या पैशांवर वसाहतवासी शेवटी इंग्रजी मालच विकत घेत. इतिहासकार यास ‘हितावह दुर्लक्ष’ म्हणतात. सात वर्षांच्या युद्धानंतर हिशेब तपासले तेव्हा असे आढळले की, अमेरिकेतील जकात वसुली वर्षाला दोन हजार पौंडांच्या आतबाहेर होती आणि ती करण्याचा खर्च सुमारे आठ हजार पौंड होता.

याच मळेवाल्यांचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. युद्धात जिंकलेले ग्वाडेलूप हे साखरेने समृद्ध बेट ब्रिटनने १७६३ च्या तहात फ्रान्सला परत केले आणि कॅनडा ठेवून घेतला. व्यापारवादाच्या पुस्तकी नियमानुसार साखरेचे बेट ठेवावयास हवे होते. परंतु ग्वाडेलूपची साखर संरक्षित ब्रिटिश बाजारात आली असती तर भाव पडले असते, आणि ब्रिटिश मळेवाल्यांना ते नको होते. अर्थात या निर्णयामागे सामरिक कारणेही होती. मात्र मातृदेशाचे हित म्हणजे नेमके कोणाचे हित, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतोच. या साऱ्या हिशेबात ज्यांच्या श्रमावर साखर निघत होती ते आफ्रिकी गुलाम केवळ मालाच्या रकान्यात होते. एरिक विल्यम्स यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

हिंदुस्थानी कापडाचा प्रवास :

या व्यवस्थेत हिंदुस्थान अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसाहत म्हणून नव्हे, तर स्पर्धक म्हणून उपस्थित होता. सुरत, मच्छलीपट्टण व बंगालचे छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतके लोकप्रिय झाले की तेथील लोकर व रेशीम विणकर हवालदिल झाले. १७०० च्या कायद्याने छापील व रंगीत कापडाच्या वापरास बंदी झाली. कोरे कापड येत राहिले व ते लंडनमध्ये छापले जाऊ लागले. १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी दंगली केल्या व रस्त्यात छिटाची वस्त्रे नेसलेल्या स्त्रियांवर हल्ले केले. १७२१ च्या कायद्याने अखेर छापील सुती कापड वापरणेच बहुतांशी बेकायदेशीर ठरले.

पण पुनर्निर्यातीस मात्र मुभा होती. म्हणजे लंडनच्या स्त्रीला जे कापड नेसणे गुन्हा होता, तेच कापड बोस्टन वा फिलाडेल्फियाच्या स्त्रीला विकणे हा सन्माननीय व्यापार होता. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेच कापड गुलामांच्या खरेदीत चालत असे. आपल्या विणकराचा माल, अमेरिकेचे गिऱ्हाईक आणि आफ्रिकेचा गुलाम हे तिघेही लंडनच्या गोदामात एकमेकांशी बांधले गेले होते. एकाने दुसऱ्यास पाहिले नव्हते, एवढेच.

नियमनाकडून महसुलाकडे :

सात वर्षांच्या युद्धाने (१७५६-६३) ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांवर नेले. ते फेडावयाचे कोणी? पंतप्रधान ग्रेनव्हिल यांनी १७६४ च्या साखर कायद्याने मळीवरील कर सहा पेनींवरून तीन पेनींवर आणला. कर निम्मा केला तरी वसाहती संतापल्या, याचे विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. कारण साधे आहे. सहा पेनींचा कर वसूल करावयाचा नव्हता, तीन पेनींचा करावयाचा होता. महसूल मिळविणे हा आपला हेतू असल्याचे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच नमूद होते. मार्च १७६५ मध्ये स्टँप ॲक्ट संमत झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लाइव्हने बादशहा शाह आलम याच्याकडून बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळविली. बादशहास वर्षाला २६ लक्ष रुपये देण्याच्या बोलीवर तीन समृद्ध प्रांतांचा जमीनमहसूल कंपनीच्या हाती आला. प्लासीनंतरच इंग्लंडमधून बंगालला येणाऱ्या चांदीचा ओघ आटू लागला होता, आता तिची गरजच उरली नाही. बंगालच्या रयतेकडून वसूल केलेल्या महसुलातूनच बंगालचे कापड विकत घेऊन लंडनला पाठवू लागले. कंपनी या खरेदीस ‘गुंतवणूक’ म्हणत असे. बंगालचा पैसा चहाच्या खरेदीसाठी चीनमधील कँटनलाही जाऊ लागला. मनच्या दृष्टान्तातील शेतकरी निदान स्वतःचे बी पेरत होता. आता बी शेताच्या धन्याच्याच कणगीतून काढले जाऊ लागले आणि सुगी मात्र लंडनला जाऊ लागली.

१७६७ मध्ये ब्रिटिश सरकारने या नव्या उत्पन्नातील वाटा म्हणून कंपनीने वर्षाला चार लक्ष पौंड तिजोरीत भरावेत असे ठरविले. अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांचे अमेरिकेवरील नवे कर त्याच वर्षीचे आहेत. एकाच तिजोरीसाठी एकाच वर्षी दोन खंडांकडे हात पसरला गेला.

१७७३ :

१७६९-७० च्या दुष्काळात बंगालमध्ये प्रचंड मनुष्यहानी झाली. लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश, असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कळविला होता. त्याच अहवालात त्याने असेही कळविले की, १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ च्या वसुलीपेक्षा अधिक होती, आणि ती सक्तीने टिकविली गेली होती. महसूल असा टिकवूनही लष्करी खर्च, नोकरांची लूट व वाढता लाभांश यांमुळे कंपनी डबघाईस आली. १७७२ च्या लंडनमधील पतसंकटात तिला सरकारकडे कर्ज मागावे लागले. लंडनच्या गोदामांत तिचा सुमारे एक कोटी सत्तर लक्ष पौंड वजनाचा चहा पडून होता.

सरकारने १४ लक्ष पौंड कर्ज दिले, कंपनीच्या कारभारावर रेग्युलेटिंग ॲक्टचे नियंत्रण आणले, आणि पडून राहिलेला चहा खपावा म्हणून तो थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली. एकदा एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले होते, “सर, चहा कंपनीचा होता, मग तो आसामचा असणार ना?” नव्हता. आसामचा चहा १८३० नंतरचा. बोस्टनला आलेला चहा चीनचा होता. प्रश्न चुकीचा असला तरी तिची शंका व्यर्थ नव्हती, कारण त्या चहाच्या खरेदीची व न खपण्याची कथा बंगालशी जोडलेली होतीच.

नव्या सवलतीमुळे चहा स्वस्त झाला, पण टाउनशेंडचा पौंडामागे तीन पेनी कर कायम राहिला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनमध्ये सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या. त्याआधी काही दिवस फिलाडेल्फियात ‘रस्टिकस’ या टोपणनावाने एक पत्रक निघाले होते. ते जॉन डिकिन्सन यांचे मानले जाते. कंपनीने आशियात काय केले, दुष्काळात माणसे कशी मेली, हे त्यात सांगून आता हीच कंपनी अमेरिकेकडे वळली आहे, असा इशारा वसाहतवासीयांना दिला होता. बंगालचा दुष्काळ फिलाडेल्फियाच्या नागरिकास आपल्या भवितव्याची खूण वाटला. आपल्या दोन पेपरांनी तोडलेला हा दुवा त्या काळच्या वाचकास स्पष्ट दिसत होता.

नकाराची साधने :

मग एकाने नकार दिला आणि दुसऱ्यास तो देता आला नाही, असे का घडले? व्हर्जिनियात १६१९ पासून प्रातिनिधिक सभा होती. अनेक वसाहतींत गव्हर्नरचा पगारही अशा सभाच मंजूर करीत. १७६५ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले व इंग्रजी मालावर बहिष्कार सुरू झाला. विशेष म्हणजे हा बहिष्कार परिणामकारक झाला तो व्यापारवादी व्यवस्थेमुळेच. अमेरिका हे इंग्रजी मालाचे मोठे गिऱ्हाईक असल्याने लंडन व अन्य शहरांतील व्यापाऱ्यांनीच स्टँप ॲक्ट रद्द करावा म्हणून संसदेकडे अर्ज केले, आणि १७६६ मध्ये तो रद्द झाला. बंगालच्या रयतेजवळ असे कोणतेच साधन नव्हते. ती इंग्रजी मालाची गिऱ्हाईक नव्हती, त्यामुळे तिच्या बहिष्काराने लंडनमध्ये कोणाचे दुकान बंद पडणार नव्हते. ती कर देणारी होती आणि कर देणाऱ्याच्या वतीने अर्ज करणारा व्यापारी नसतो. कंपनीतील भ्रष्टाचाराविरुद्ध लंडनमध्ये ओरड झाली, पण ती मुख्यतः ‘नबाब’ बनून परतलेल्या नोकरांविरुद्ध होती.

ॲडम स्मिथचा ग्रंथ व अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकाच वर्षीचे, हे योगायोग म्हणून नेहमी सांगितले जाते. नौकानयन कायदे १८४९ मध्ये रद्द झाले आणि ब्रिटनने खुल्या व्यापाराचा पुरस्कार केला. हिंदुस्थानापुरता मात्र व्यापारवादाचा हिशेब उलट्या दिशेने पुढे चालू राहिला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा सातत्याने अधिक होती. थॉमस मनच्या कसोटीनुसार असा देश वर्षागणिक श्रीमंत व्हावयास हवा होता. मुंबईत १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मधील पत्रांतून भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी हिंदुस्थानची संपत्ती परदेशी वाहून जात असल्याची तक्रार मांडली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजी यांनी १८६७ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचून त्याच प्रश्नास आकडेवारीचे रूप दिले. निर्यातीच्या आधिक्यापोटी जी रक्कम हिंदुस्थानात यावयास हवी होती तिचा मोठा भाग पगार, निवृत्तिवेतने, व्याज आणि लंडनमधील खर्च यांच्या रूपाने तेथेच राहत होता, हे त्यांनी हिशेब मांडून दाखविले.